बगळ्यावरची चाळीस सेकंदं

माझी बायको पद्मिनी आयुष्यात एकदाच नापास झाली, आणि तीही एका पायावर उभं राहायच्या परीक्षेत. दहावीला तालुक्यात तिसरी आलेली बाई. आरोग्य केंद्रातल्या यंत्रानं लाल दिवा दाखवला तेव्हा तिनं आधी यंत्राकडं आणि मग माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच मागून धक्का दिला असावा. तिचं ते बघणं फारसं चुकीचं नव्हतं, पण हे कळायला पुढचे अडीच महिने गेले.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा बगळा करून टाकला. दिसायला काही विशेष नाही, जमिनीत बसवलेला काळा पाट, पोळपाटाच्या दुप्पट. त्याच्यावर अनवाणी एका पायावर उभं राहायचं, वीस सेकंद डोळे उघडे ठेवून आणि वीस मिटून. मग दुसरा पाय. कमरेला छतावरून सोडलेला पट्टा असतो, त्यामुळे पडायची भीती नाही. पंचावन्न वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा बगळ्यावर चढायचं, असा दोन हजार एक्केचाळीस सालापासूनचा नियम.

आमच्या केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टर केतकी बिरनाळे यांनी मला हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मी प्रश्न फार विचारतो, म्हणून असेल. एका पायावर माणूस स्थिर उभा असतो हा आपला गैरसमज आहे. तो सारखा पडत असतो आणि सारखा स्वतःला सावरत असतो. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायाची कातडी हे तिघं मिळून मेंदूला खबर देतात, की गडी डावीकडं कलला. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू मग घोट्याला हुकूम सोडतो आणि आपण सरळ होतो. कलणं आणि सावरणं यांच्यात निमिषभराचा वेळ जातो. बगळा तो वेळ मोजतो, सेकंदाला हजारदा. लहान मेंदू झिजायला लागला की हा वेळ किंचित वाढतो, आणि तो वाढतो रोग अंगावर दिसायच्या आठ-दहा वर्षं आधी. डोळ्याला काही दिसत नाही. माणूस धडधाकट चालतो, जिने चढतो, पण बगळ्याला कळलेलं असतं.

पाटातून अगदी बारीक वीज कातडीत जाते, म्हणून पायावर धातू चालत नाही. पुरुषांचा प्रश्नच नव्हता. मी पहिल्याच वर्षी हिरवा आलो आणि आठवडाभर घरात तोऱ्यात फिरलो. बायकांना मात्र जोडवी काढावी लागायची. शहरात कुणी फिकीर करत नाही, आमच्याकडं करतात. नवरा जिवंत असताना पायाची बोटं मोकळी ठेवायची नाहीत. मग यंत्र येऊन वर्ष होतंय न होतंय तोवर त्याची रीतही तयार झाली. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर नवऱ्यानं बायकोची जोडवी उतरवायची आणि लगोलग बोटांना हळदीचा दोरा बांधायचा. तपासणी झाली की दोरा सोडायचा, जोडवी चढवायची. ही रीत कुणी सुरू केली कुणास ठाऊक, पण त्या बाकावर माझा भाव वधारला होता. मी छत्तीस वर्षं सांगलीच्या पेठेत हळदीची पोती शिवली आहेत. दोरा मी स्वतः राजापुरी हळदीत भिजवून तयार करायचो. शेजारचे नवरे माझ्याकडून दोरा न्यायचे आणि गाठ कशी मारायची तेही शिकून घ्यायचे. मधेच दोरा सुटला तर अपशकुन, आणि माझी गाठ सुटत नाही अशी माझी ख्याती.

पद्मिनीला पंचावन्न पुरी झाली होती आणि तिची ती पहिलीच तपासणी. लाल दिवा लागला त्या दिवशी केतकीताईंनी आम्हाला आत बसवून घेतलं. त्या घाबरवणाऱ्यातल्या नव्हेत. हा रोग नाही, रोगाची चाहूल आहे, असं त्या म्हणाल्या. रक्ताची तपासणी झाली, जनुकं बघितली. माहीत असलेल्या प्रकारांपैकी एकही सापडला नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, तर त्या म्हणाल्या की माहीत नसलेले प्रकारही बरेच आहेत. हे दुखणं बहुधा घराण्यातून उतरतं. आईला असेल तर मुलाला असायची शक्यता निम्मी.

आणि म्हणूनच दुसरा नियम होता. लाल दिवा लागला की रक्ताच्या नातेवाइकांना यंत्र आपणहून कळवतं. आम्ही केंद्राच्या फाटकाशी पोचायच्या आत फोन वाजला. आमची एकुलती एक लेक ईश्वरी, पुण्यात असते, तेव्हा तिला पाचवा महिना होता. तिनं स्वतःबद्दल काही विचारलं नाही. "आई, कमरेला पट्टा होता ना? पडली नाहीस ना?" एवढंच विचारत राहिली.

गरोदर बायकांना बगळ्यावर चढवत नाहीत, पोटामुळं सगळा तोलच बदललेला असतो. म्हणजे बाळंत होईपर्यंत ईश्वरीला स्वतःचं काही कळणार नव्हतं, आणि बाळाचं तर त्याच्यापुढं कितीतरी वर्षं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलंच. सातवा लागला की मी पुण्याला जाऊन तिला आणणार होतो. मधल्या खोलीला रंग देऊन झाला होता. पण त्या संध्याकाळी पद्मिनीनं तिला फोनवर सांगून टाकलं.

"तू हिकडं यायचं न्हाई. सासूबाईंकडंच ऱ्हा. त्या चांगल्या हाईत."

"आई, असं काय करतेस?"

"बाळ पायावर घिऊन न्हाऊ घालायचं असतंय. हातात घिऊन उंबरा वलांडायचा असतोय. माज्या हातनं पडलं तर मी काय करू, सांग की."

 मग ईश्वरीनं बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर ती रोज फोन करायची, पण जेवलीस का, पाऊस आहे का, असलंच बोलायची. मायलेकी एकमेकींशी इतक्या सांभाळून बोलताना मी कधी ऐकल्या नव्हत्या. मला ते सहन होईना.

मी माझ्या परीनं उद्योग चालवले. स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे खाली आणले, न्हाणीघरात चटया टाकल्या, गच्चीच्या जिन्याला दोन्हीकडून कठडा बसवला. पद्मिनी उठली की मी उठायचो. तिचा दंड धरायचो. चार दिवस तिनं ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी फाडकन म्हणाली, "अवो, माज्या मागं मागं हिंडू नका. मेंदूनं पडायला लई वर्सं हाईत. तुमच्या पायात अडकून मी आजच पडंन."

एका दुपारी मी बाजारातून लवकर परत आलो. मागचं दार उघडं होतं. पद्मिनी परसात होती. पिठाचं पाच किलोचं पाकीट तिनं मऊ लुगड्यात गुंडाळलं होतं, डोक्याकडची बाजू कोपराच्या खळगीत धरली होती आणि ती भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालत होती. हळूहळू, पाऊल मोजून. टाकीशी पोचली की वळायची आणि परत. मी दारातून आवाज न करता मागं सरलो, पुढच्या दारी जाऊन मुद्दाम खोकलो. आत आलो तर ती पीठ डब्यात ओतत होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तिनं कारण विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

लाल आलेल्यांसाठी दर गुरुवारी सकाळी केंद्रात व्यायामाचा वर्ग असायचा. सतरा बायका आणि दोन पुरुष. बायका इतक्या जास्त का, तर बगळा बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर तयार होतं, म्हणे ग्रामीण स्त्रियांची हाडं कमकुवत, आहार अपुरा. वर्गात पद्मिनी साध्या फरशीवर एका पायावर दीड-दीड मिनिट उभी राहायची, वर गप्पाही मारायची. केतकीताई कोड्यात पडायच्या. मग स्वतःचीच समजूत घालायच्या, की डोळ्याला दिसत नाही म्हणून तर यंत्र आहे. सहा आठवड्यांनी फेरतपासणी झाली. मी नवा दोरा नेला. मागच्या वेळी गाठीत काही उणं राहिलं असेल, अपशकुन झाला असेल, असं मनात येऊन या वेळी चांगले दोन वेढे जास्त दिले. दिवा पुन्हा लाल, आणि आकडा आधीपेक्षा वाईट. उरलीसुरली आशाही गेली.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी मी तिला न्यायला गेलो तेव्हा वर्ग संपला होता, पण कुणी उठलं नव्हतं. पद्मिनी केतकीताईंच्या टेबलासमोर उभी होती.

"मॅडम, येक इचारू? आमच्या वर्गात येक बी विधवा न्हाई."

केतकीताईंनी मान वर केली. पद्मिनीनं हिशेबच मांडला. साठीच्या आसपासच्या बायका, त्यातल्या पाच-सहा तरी विधवा असायला हव्यात. गावात तर आहेत. आमच्याच गल्लीतल्या चार विधवा बगळ्यावर चढल्या आणि चौघीही हिरव्या आल्या. वर्गातल्या शोभाताईंची विधवा जाऊ, मधुमेहानं पाय बधिर झालेली, तीसुद्धा काठावर का होईना, पास झाली होती.

केतकीताईंनी तालुक्याची सगळी यादी पडद्यावर काढली. लाल आलेल्या बायका दोनशे बारा. त्यात विधवा तीन. त्यांनी आकडा दोनदा तपासला. मागं बसलेल्या शोभाताई म्हणाल्या, "मंग मॅडम, दुखणं मेंदूत न्हाई. घरात हाय." सगळ्या बायका खो खो हसल्या आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून आणखी हसल्या. माझं तोंड कुठं लपवावं कळेना.

केतकीताई हसल्या नाहीत. त्यांनी पद्मिनीला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं आणि सांगितलं, की तपासणीच्या दिवशी काय काय केलं ते सगळं, जसंच्या तसं करून दाखवा. काही गाळू नका.

पद्मिनी म्हणाली, "हितं बसले. चपला काढल्या. ह्यांनी जोडवी उतरवली, दोरा बांधला, मग आत—"

"थांबा. दोरा कसला?"

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो. दोरा कसला, हे कुणी विचारतं का? केतकीताई मिरजेच्या, लग्न झालेल्या. पण त्यांची जोडवी सणावारी पायात यायची आणि रात्री काढून ठेवली जायची. बाकावर काय चालतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या आत यंत्रापाशी असायच्या. आणि आम्ही ते त्यांना सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. फॉर्मवर चष्म्याचा नंबर होता, चपलेचं माप होतं. दोऱ्याला रकाना नव्हता.

"काका, बांधून दाखवा," त्या म्हणाल्या.

खिशात दोरा होताच. मी खाली बसलो आणि नेहमीसारखा बांधला. केतकीताईंनी पद्मिनीला डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा मऊ केस तिच्या बोटाच्या गादीला टेकवला. लागतंय का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या बोटालाही नाही. तोवर बोटाचं टोक जांभळट दिसायला लागलं होतं. त्यांनी कात्री मागवली, कारण माझी गाठ त्यांना सुटेना. दोरा कापल्यावर मिनिटभरानं तोच केस टेकवला, तर पद्मिनीनं पाय झटकन मागं घेतला.

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. एका पायावर उभं राहताना पायाची बोटं जमीन चाचपत असतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सगळ्यात जास्त. दोऱ्यानं बोट आवळलं की तिथली खबर मेंदूला उशिरा पोचते, अर्धवट पोचते. सावरायला उशीर होतो. लहान मेंदू झिजला की नेमका असाच उशीर होतो, आणि बगळ्याला या दोन उशिरांतला फरक कळायचं कारण नाही. तो जिथं शिकला तिथं कुणी बोटाला दोरा बांधून आलं नव्हतं. आणि विधवांना जोडवी नाहीत, म्हणून दोराही नाही.

म्हणजे मी. तिला आजारी पाडलं होतं मी. आणि शेजारच्या नवऱ्यांना गाठ शिकवून आणखी किती जणींना पाडलं होतं, देव जाणे. मी तिथंच फरशीवर बसून राहिलो. 

"काकू, आता लगेच बघूया," केतकीताई म्हणाल्या. "दोरा न बांधता."

पद्मिनीचा चेहरा उतरला. नवरा समोर जिवंत असताना मोकळ्या बोटांनी उभं राहायचं होतं. हे केतकीताईंना कळायला जरा वेळ लागला, पण कळलं. त्यांनी आग्रह केला नाही. पुन्हा कधीतरी या, सैल दोरा बांधून बघू, असंही म्हणाल्या. पण सैल दोऱ्यानं आकडा स्वच्छ येणार नव्हता, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पद्मिनीनं आपल्या बोटांकडं बघितलं. एकोणचाळीस वर्षांचे पांढरे वळ होते तिथं.

"तुमी समोर हुबं ऱ्हावा," ती मला म्हणाली. "माज्याकडं बघत."

"राहतो की."

"आन मी डोळं मिटलं की बोलत ऱ्हावा. मधी थांबायचं न्हाई."

ती पाटावर चढली. कमरेला पट्टा बांधला. उजवा पाय उचलला. वीस सेकंद ती माझ्या डोळ्यांत बघत होती, लग्नातसुद्धा एवढं सलग बघितलं नसेल. मग तिनं डोळे मिटले, आणि माझ्या डोक्यातलं सगळं उडून गेलं. काय बोलावं काही सुचेना. तिच्या कपाळाला आठी पडायला लागली तसा मी जे तोंडात आलं ते बोलत सुटलो. राजापुरी, सेलम, वायगाव, कडप्पा, गड्डा, हळकुंड, पॉलिश केलेलं, न केलेलं, ओलसर माल उन्हात किती दिवस, पोतं कसं धरायचं, दाभण कुठून घालायचं. तिचा घोटा सारखा हलत होता, पण छान हलत होता, चुळबुळ करणाऱ्या शहाण्या पोरासारखा. दुसऱ्या पायाच्या वेळी माझा माल संपला म्हणून मी पुन्हा राजापुरीपासून सुरुवात केली.

हिरवा दिवा लागला. केतकीताईंनी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. सावरायचा वेळ चाळिशीतल्या बाईचा होता.

पद्मिनी पट्टा काढून खाली आली, बाकावर बसली आणि पाय माझ्यापुढं केले. मी जोडवी चढवली. पहिलं तर भलत्याच बोटात घातलं, त्या क्षणी बगळ्यानं मला तपासलं असतं तर लालच ठरवलं असतं. शोभाताईंनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसायला घेतले, तेव्हा मला कळलं की मी रडतोय.

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात सतराही जणी दोऱ्याशिवाय उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा नवरा समोर उभा राहून काहीबाही बडबडत होता. सोळा हिरव्या आल्या. सतराव्या अलकाताई तेव्हाही लालच राहिल्या, पुन्हा तपासलं तरी लाल. त्यांचं मात्र खरं होतं. वेळेत सापडलंय, हातात बरीच वर्षं आहेत, असं केतकीताई त्यांना सांगत होत्या आणि अलकाताईंचे यजमान मान हलवत होते. आमच्या आनंदात तेवढं एक टोचत राहिलं, अजून टोचतं. गुरुवारी पद्मिनी त्यांच्यासोबत वर्गाला जाते, गरज नसताना.

पण हे नंतरचं. त्या गुरुवारी केंद्रातून बाहेर पडल्यावर मी फोनची वाट बघत होतो. फाटक आलं, रस्ता आला, फोन काही वाजला नाही. लाल दिव्याची बातमी यंत्र आपणहून कळवतं. हिरव्याची कळवत नाही, तसा नियमच नाही. मी पद्मिनीला म्हटलं, लाव फोन लेकीला.

"फोनवर नगं," ती म्हणाली. "फोनवर तिला खरं वाटायचं न्हाई. पुण्याला जाऊया."

घरीसुद्धा न जाता आम्ही स्टेशन गाठलं. गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि सगळा रस्ता माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी दोनदा माफी मागितली. कराड गेल्यावर तिनं पिशवीतलं एक केळं काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पाच वाजता ईश्वरीनं दार उघडलं. पोट चांगलंच पुढं आलं होतं, चेहरा मात्र ओढलेला. आम्हाला अवचित बघून ती भिंतीला टेकली. तिला वाटलं, काहीतरी वाईट सांगायला आलो.

"मला काई झालेलं न्हाई," पद्मिनी दारातच म्हणाली. "कदीच झालं नव्हतं. तुज्या बाबांनी गाठ घट्ट मारली हुती."

सगळं सांगून होईपर्यंत ईश्वरी उभीच होती. मी तिची बोलणी खायची तयारी करून बसलो होतो. ती हसायला लागली. पोट धरून हसली, मग हसता हसता तिचं रडणं सुरू झालं, आणि तेव्हा तिनं सांगितलं. गेले अडीच महिने ती रोज सकाळी ओट्याला हात लावून एका पायावर उभी राहून बघत होती. मग हात सोडायचा आणि मोजायचं. अकराच्या पुढं एकदाही आकडा गेला नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला नाही. बाळाला आतल्या आत सांगायची, असं म्हणाली.

पद्मिनीनं तिला जवळ घेतलं, पोट मधे येत होतं तरी. "खुळी का काय तू," म्हणाली. "एवढं पोट घिऊन बगळा तरी हुबा ऱ्हाईल का?" मग तिचे डोळे पुसून म्हणाली, "चल, कपडे भर. सकाळच्या गाडीनं आपल्या घरी जायचंय."

ईश्वरी आत गेली आणि लगेच बॅग घेऊन बाहेर आली. ती भरलेलीच होती. सातवा लागला त्याच दिवशी भरून तिनं ती पलंगाखाली ठेवली होती.